आग मुद्दाम लावलेली असेल तर विमा मिळतो का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

"आमची तिघांची भागीदारी फर्म आहे: मी, माझे दीर आणि त्यांचे एक जुने मित्र. पुठ्ठ्याची खोकी बनवतो. मागच्या महिन्यात रात्री गोदाम जळालं. आग दोन वेगळ्या ठिकाणी लागलेली दिसते, असं अग्निशमन दलाचं म्हणणं आहे. कामावरून काढलेल्या सुपरवायझरवर पोलिसांचा संशय आहे, जाताना त्याने धमकी दिली होती. पण विमा कंपनीच्या माणसाने दिरांना दोनदा बोलावून त्यांच्या कर्जाबद्दल विचारलं. सगळे सांगतात, लावलेल्या आगीला विमा मिळत नाही. एका ओळखीच्यांचा सल्ला आहे की क्लेम फॉर्मवर शॉर्टसर्किट लिहून मोकळे व्हा. सुपरवायझरच्या घरचे म्हणतात, थोडी भरपाई देतो, मिटवून टाका. आणि जे कुणाशीच बोलू शकत नाही ते तुम्हाला लिहिते: मला दिरांचीही शंका येते. तसं निघालं तर माझं काय?"

ताई, नमस्कार.

लावलेल्या आगीला विमा मिळत नाही, हे तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांचं चुकलं आहे. फायर पॉलिसी आगीने झालेल्या नुकसानीसाठी असते आणि दुसऱ्याने सूडाने लावलेली आग ही तिच्या दृष्टीने आगच असते. विमा नाकारला जातो तो विमाधारकानेच आग लावली, कुणाकडून लावून घेतली, किंवा लागणार हे ठाऊक असून लागू दिली तर. म्हणून तुमच्या प्रकरणात आग लावलेली होती हे सिद्ध झालं तरी क्लेम संपत नाही. कुणी लावली आणि कुणाच्या संमतीने, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

सुपरवायझर तर नोकरीतूनही गेलेला होता. पण तो त्या रात्री तुमच्या पगारावर असता तरी, मालकांना माहीत नसताना नोकराने केलेलं कृत्य सहसा मालकाच्या माथी मारलं जात नाही. विमा काढणारी फर्म नसून कंपनी असेल, तर जो माणूस तिचा कारभार खरोखर चालवतो त्याचं कृत्य कंपनीचं मानलं जाऊ शकतं. पाळीवरच्या सुपरवायझरचं तसं नसतं. तरी पॉलिसीतली अपवादांची पानं एकदा स्वतः वाचा. दंगल, संप, दहशतवादी कृत्य यांना अनेक पॉलिसींत वेगळं कलम असतं आणि ते संरक्षण कधी वेगळा हप्ता भरूनच मिळतं. इमारत सलग बरेच दिवस रिकामी असली तर संरक्षण थांबतं, अशीही अट पुष्कळ ठिकाणी असते.

हलगर्जीपणाची भीतीही काढून टाका. गोदामाचं मागचं दार नीट लागत नव्हतं, असं तुम्ही पत्रात लिहिलंय आणि त्याचा तुम्हाला अपराधी भाव वाटतोय. निष्काळजीपणामुळे लागलेली आग हीच तर विम्याची रोजची बाब आहे. इंग्लंडमध्ये 1837 साली शॉ विरुद्ध रॉबर्ड्स या खटल्यात धान्य वाळवायच्या भट्टीत मालकाने एकदाच, तेही फुकट, भिजलेली झाडाची साल वाळवू दिली आणि आग लागली. फसवणूक नसेल तर निव्वळ निष्काळजीपणासाठी क्लेम नाकारता येत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. 1941 चा हॅरिस विरुद्ध पोलंड हा खटला मला फार आवडतो. चोरांच्या भीतीने एका बाईंनी दागिने कागदात गुंडाळून शेकोटीच्या जाळीत कोळशाखाली लपवले, नंतर विसरल्या आणि स्वतःच्या हाताने शेकोटी पेटवली. आग मुद्दाम पेटवलेली होती, पण दागिने जाळायचा हेतू नव्हता. त्यांना भरपाई मिळाली. कायदा नुकसान करण्याचा हेतू होता का, हे बघतो. दाराच्या बाबतीत एवढंच पाहा, की कुलूप, पहारेकरी किंवा अलार्म चालू ठेवण्याची लेखी अट पॉलिसीत आहे का. असेल आणि ती मोडली गेली असेल, तर तो मुद्दा वेगळा आहे आणि त्यासाठी वकील लागेल.

आता शॉर्टसर्किट. ताई, हे लिहू नका. कितीही आग्रह झाला, कुणी "सगळे असंच लिहितात" म्हणालं, तरी नाही. ज्या क्लेममध्ये तुमची बाजू बऱ्यापैकी मजबूत आहे, त्यात तुम्ही स्वतःच्या सहीने कंपनीच्या हातात नकाराचं कारण ठेवाल. खोटा किंवा फुगवलेला क्लेम सापडला तर पूर्ण क्लेम जातो, हा विम्यातला जुना नियम आहे. ब्रिटनच्या 2015 च्या विमा कायद्यात तो लिहूनच ठेवलाय: दिलेले पैसे कंपनी परत मागू शकते आणि फसवणुकीच्या तारखेपासून पॉलिसी संपवू शकते.

यावर कुणी तुम्हाला व्हर्सलूट ड्रेजिंगचा निकाल दाखवेल, म्हणून तोही सांगते. जानेवारी 2010 मध्ये एका मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये पाणी भरलं. क्लेम खरा होता. पण तो लवकर मिळावा म्हणून मालकांच्या बाजूने कंपनीला खोटं कळवलं गेलं, की अलार्म वाजला होता, पण जहाज हेलकावे खातंय म्हणून वाजतोय असं समजून खलाशांनी लक्ष दिलं नाही. या एका खोट्यापायी दोन न्यायालयांनी सगळा क्लेम फेटाळला. अखेर जुलै 2016 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निकाल फिरवला: ते खोटं क्लेमच्या दृष्टीने निरर्थक होतं, त्यामुळे भरपाई द्यावी. पैसे मिळाले, पण साडेसहा वर्षांनी आणि सर्वांत वरच्या पायरीवर. शिवाय तुमच्या बाबतीत आगीचं कारण हा निरर्थक तपशील नाही, वादाचा गाभाच तो आहे. आणि पुष्कळ पॉलिसींत 'कोणतंही खोटं विधान केल्यास क्लेम रद्द' असं स्पष्ट कलम असतं, तिथे हा निकाल कामाला येईलच असं नाही.

फॉर्मवर कारणाच्या रकान्यात जेवढं माहीत आहे तेवढंच लिहा. "कारण आम्हाला निश्चित माहीत नाही. आग लावल्याचा संशय असून पोलीस तपास चालू आहे." एवढं पुरेसं आहे. सुपरवायझरनेच लावली, असंही ठामपणे लिहू नका, तुम्ही पाहिलेलं नाही. धमकीबद्दल लिहा: ती कधी दिली, कुणासमोर दिली, शब्द काय होते.

दिरांना कर्जाबद्दल विचारलं म्हणजे कंपनीने त्यांना आरोपी ठरवलं, असं नाही. लावलेल्या आगीत मालकांची आर्थिक स्थिती तपासणं हा तपासाचा ठरलेला भाग आहे. विम्याची रक्कम अलीकडे वाढवली होती का, आगीआधी माल किंवा हिशेबाच्या वह्या हलवल्या होत्या का, अलार्म कुणी बंद केला, किल्ल्या कुणाकडे होत्या, हे सगळं विचारलं जाईल. पण नुसतं कर्ज असणं हा पुरावा नव्हे. धंदा करणाऱ्या किती जणांवर कर्ज नसतं?

सिद्ध करायची जबाबदारी कुणाची, हे नीट समजून घ्या, कारण घाबरलेली माणसं ती उगाच स्वतःवर घेतात. नुकसान आगीने झालं आणि पॉलिसी चालू होती, एवढं तुम्ही दाखवायचं. मालकानेच आग लावली असं कंपनीचं म्हणणं असेल तर ते कंपनीने सिद्ध करायचं. इंग्लंडमधल्या 1962 च्या स्लॅटरी विरुद्ध मान्स या जळालेल्या बोटीच्या खटल्यात हे फार स्पष्ट शब्दांत सांगितलंय, आणि इतर अनेक देशांतली न्यायालयंही याच वाटेने जातात. मात्र हा दिवाणी मामला आहे. फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते पाहिलं जातं. त्यामुळे पोलिसांनी दिरांवर गुन्हा नोंदवला नाही म्हणून कंपनीचं तोंड बंद होत नाही, आणि सुपरवायझर सुटला म्हणून तुमचा क्लेमही पडत नाही.

'दोन ठिकाणी आग' हा कंपनीचा सर्वांत वजनदार मुद्दा असेल. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन जागी आग सुरू झाली असेल, तर ती लावल्याची शक्यता खरंच वाढते. पण पुठ्ठ्याच्या गोदामात जळते तुकडे उडतात, वरच्या थरातून पेटता माल खाली पडतो आणि दुसरी जागा पेटते. मग खालून पाहणाऱ्याला दोन सुरुवाती दिसतात. म्हणून नुसतं 'दोन ठिकाणी' ऐकून घेऊ नका, तो निष्कर्ष कशावरून काढला ते लेखी मागा.

आगीच्या तपासात वर्षानुवर्षं चालत आलेल्या काही समजुती नंतर चुकीच्या ठरल्या आहेत. खिडकीच्या काचेला जाळीसारखे बारीक तडे गेले म्हणजे पेट्रोल ओतलं होतं, असं मानलं जायचं. तापलेल्या काचेवर आग विझवायचं पाणी पडलं तरी तसेच तडे जातात. जळलेल्या लाकडावरचे मोठे चकचकीत फोड, काँक्रीटचे उडालेले टवके, यांचंही तेच. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 1992 मध्ये एनएफपीए 921 ही तपासाची मार्गदर्शिका पहिल्यांदा काढली, तेव्हापासून अशा खुणांवर विसंबणं कमी होत गेलं. तुमच्या प्रकरणातल्या अहवालात असा एखादा मुद्दा दिसला तर तो वकिलांच्या लक्षात आणून द्या. आणि क्लेमची रक्कम मोठी असेल तर स्वतःचा स्वतंत्र आग-तज्ज्ञ नेमा. हा खर्च जड वाटतो, पण नंतर जागेवर काही उरलेलं नसतं.

यासाठीच गोदाम साफ करू नका. कितीही वास येऊ दे, शेजारी कुरकुर करू देत. कंपनीची लेखी परवानगी मिळेपर्यंत राख तिथेच राहू द्या, फक्त पाऊसपाण्यापासून झाकून घ्या आणि जे अजून वाचण्यासारखं आहे ते वाचवा, कारण नुकसान वाढू न देणं ही तुमची जबाबदारी आहे. इंधनाचा अंश तपासायला घेतलेले राखेचे नमुने हवाबंद धातूच्या डब्यात जायला हवेत. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाष्प निघून जातं. नमुने घेताना तुमचं कुणीतरी हजर असू दे, आणि कोणता नमुना कुठून घेतला त्याचे फोटो काढू दे. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मशीन सुस्थितीत असेल तर आजच बंद करून पोलिसांच्या ताब्यात द्या, पोच घ्या. चालू राहिलं तर जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं.

माल किती होता यावरही वाद होईल. घट्ट बांधलेले पुठ्ठ्याचे गठ्ठे बाहेरून कोळसा होतात, पण हवा आत पोचत नसल्याने मधला भाग बरेचदा तसाच राहतो. ते गठ्ठे मोजता येतात. नुकसान मोजायला येणाऱ्या सर्व्हेअरला ढिगाऱ्याकडे नुसतं बोट दाखवू नका, त्याच्यासोबत उभं राहून रांगेने मोजा आणि आकड्यावर दोघांच्या सह्या घ्या. वह्या जळाल्या असतील तर पुरवठादारांकडून बिलांच्या प्रती आणि बँकेचे उतारे मागवा. आकडा एका गठ्ठ्यानेही फुगवू नका.

आता जे तुम्ही कुणाशी बोलू शकत नाही त्याबद्दल.

दिरांनीच केलं असेल तर निर्दोष भागीदाराचं काय, याचं उत्तर दोन गोष्टींवर ठरतं: तुमचा विमा कसा काढलाय आणि तुमच्याकडे कोणता कायदा लागू आहे. तिघांचा मालमत्तेवर एकच, अविभाज्य हक्क असेल आणि त्या हक्काचा मिळून विमा असेल, तर एकाच्या हेतुपुरस्सर कृत्याने सगळ्यांचा क्लेम बुडू शकतो. भागीदारी फर्ममध्ये हा धोका खरा आहे, तुमच्यापासून तो लपवत नाही. उलट, एकाच पॉलिसीत प्रत्येकाचा हक्क वेगवेगळा असेल, उदाहरणार्थ जागा तुमच्या एकटीच्या नावावर आणि माल फर्मचा, तर एकाच्या कृत्यामुळे दुसऱ्याचा हक्क जात नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच न्यायालयांनी निर्दोष सहविमाधारकाला त्याच्या वाट्यापुरती भरपाई देण्याची भूमिका घेतली आहे. काही पॉलिसींत तर सरळ कलमच असतं, की एका विमाधारकाच्या कृत्याचा बाकीच्यांच्या हक्कावर परिणाम होणार नाही. तुमच्या पॉलिसीत ते आहे का, हे शोधणं या आठवड्याचं पहिलं काम. सोबत भागीदारीचा करारनामा आणि जागेची कागदपत्रंही काढून ठेवा.

फर्मवर बँकेचं कर्ज असेल आणि पॉलिसीत बँकेचं नाव तारणदार म्हणून असेल, तर ते कलमही वाचा. काही कलमांत बँकेचा हक्क स्वतंत्र असतो, म्हणजे मालकाने आग लावली तरी बँकेला पैसे मिळतात. काही कलमांत बँकेला फक्त मालकाला देय असलेले पैसे मिळतात, आणि मालकाला शून्य मिळालं तर बँकेलाही शून्य. पहिल्या प्रकारात बँकेचे पैसे भागले तरी तुम्ही सुटलात असं नसतं, कारण तेवढ्या रकमेपुरती विमा कंपनी बँकेच्या जागी येऊन कर्ज वसूल करू शकते.

तुम्ही स्वतःसाठी वेगळा वकील करा. फर्मचा नको, दिरांचा तर नकोच. यात दिरांशी वैर नाही. तुमचं आणि त्यांचं हित आज एक असलं तरी उद्या वेगळं होऊ शकतं, आणि एक वकील दोन्ही बाजू सांभाळू शकत नाही. दिरांच्या वतीने कोणतंही निवेदन देऊ नका, त्या रात्री ते कुठे होते याची ग्वाही तुम्ही स्वतः पाहिलं असेल तरच द्या. आणि शंका ही शंकाच आहे. ती घरात बोलून दाखवायची घाई करू नका, पण कंपनीने तुम्हाला एखादी माहीत असलेली गोष्ट थेट विचारली तर ती दडवूही नका. तुमचा हक्क वाचायचा असेल तर तो तुमच्या प्रामाणिकपणावरच वाचेल. यात तुमच्यावर किती ताण येईल याची मला कल्पना आहे. एका बाजूला घरातलं माणूस आणि दुसऱ्या बाजूला तीन कुटुंबांचं पोट, अशा जागी तुम्ही उभ्या आहात. म्हणूनच हे ओझं वकिलाच्या टेबलावर ठेवा, गोपनीयतेचं बंधन त्यांच्यावर असतं.

सुपरवायझरच्या घरच्यांशी तडजोड मात्र अजिबात नको. कंपनीने तुम्हाला भरपाई दिली की आग लावणाऱ्याकडून ती वसूल करायचा तुमचा हक्क कंपनीकडे जातो, याला सब्रोगेशन म्हणतात. तुम्ही आधीच थोडे पैसे घेऊन "आमची काही तक्रार नाही" असं लिहून दिलंत, तर कंपनीचा तो हक्क तुम्ही मारता आणि कंपनी तेवढ्यावर भरपाई अडवू शकते. शिवाय फिर्याद मागे घेतली की आग परक्याने लावली या तुमच्याच म्हणण्याची धार जाते. त्यांचा निरोप आला की नम्रपणे सांगा, "हे आता आमच्या हातात नाही, विमा कंपनीशी बोला." निरोप कधी, कुणामार्फत आला तेवढं टिपून ठेवा. ती नोंद पुढे उपयोगी पडेल.

नुकसानीतलं काय मिळेल? धूर, आग विझवायला मारलेलं पाणी, जवानांनी फोडलेली दारं आणि भिंती, हे सगळं आगीच्याच नुकसानीत येतं. आग विझवायचा प्रामाणिक प्रयत्न करताना झालेली हानी विम्यात धरायची, असं 1868 च्या एका इंग्रजी निकालातही म्हटलंय. पण आग लावण्यापूर्वी कुणी माल किंवा मोटारी चोरून नेल्या असतील, तर तो भाग फायर पॉलिसीतून सहसा मिळत नाही, त्याला चोरीची पॉलिसी लागते. यंत्रं हातोड्याने फोडली, पण जाळली नाहीत, तर हेतुपुरस्सर नासधुशीचं म्हणजे मॅलिशस डॅमेजचं संरक्षण घेतलं आहे का ते बघावं लागेल. म्हणून यादी करताना चोरीला गेलेलं, फोडलेलं आणि जळलेलं वेगवेगळं लिहा. विम्याची रक्कम मालाच्या खऱ्या किमतीपेक्षा कमी असेल तर भरपाईही त्याच प्रमाणात कापली जाते, त्याचीही मनाची तयारी ठेवा.

धंदा बंद असल्याचं नुकसान मिळवून देणारी लॉस ऑफ प्रॉफिट पॉलिसी तुम्ही घेतली असेल, तर तिचा क्लेम सहसा मालमत्तेचा क्लेम मान्य झाल्यावरच पुढे सरकतो. म्हणून मुख्य क्लेम अडकला की पगार आणि भाडं तुमच्या खिशातून जात राहतं. तपास लांबत असेल तर अंतरिम रक्कम लेखी मागा. नाकारली तर नकाराचं कारणही लेखी मागा. कंपनी 'सर्व हक्क राखून चौकशी करत आहोत' असं पत्र पाठवेल. त्याने घाबरू नका, तो नकार नव्हे.

शेवटची एक बाब, जी तुमच्या पत्रात सुटली आहे. धमकी आधी मिळाली की पॉलिसीचं नूतनीकरण आधी झालं? नूतनीकरणाच्या वेळी धमकी माहीत होती आणि ती कंपनीला सांगितली नाही, तर महत्त्वाची माहिती दडवली असा मुद्दा येऊ शकतो. नूतनीकरण आधीचं असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही, फक्त धोका वाढल्याचं मधेच कळवण्याची अट पॉलिसीत आहे का ते तपासावं लागेल. सुपरवायझरला काढल्याचं पत्र, नूतनीकरणाची पावती आणि धमकी ऐकलेल्या कामगारांची नावं, असं सगळं एका फाईलला लावा आणि वकिलांकडे पहिल्याच भेटीत द्या. ही भेट कंपनीने दिरांना तिसऱ्यांदा बोलावण्याआधी व्हायला हवी.